लेटीचा डावा हात

लेटी हॉवरसन माझी कॉलेजातली रूममेट. पहिल्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरच्या सगळ्या मुली व्हरांड्यात फतकल मारून बसल्या होत्या आणि जी ती आपण कोण होणार ते सांगत होती. मोंटानातल्या त्या लहानशा कॉलेजात निम्म्या जणींना डॉक्टर व्हायचं होतं, मीही त्यातलीच. कुणाला हृदय हवं होतं, कुणाला मेंदू. लेटीची पाळी आली तेव्हा ती पायमोजे चढवत म्हणाली, "मी दात."

"म्हणजे डॉक्टरकी जमली नाही तर?" एकीनं विचारलं.

"नाही गं. डॉक्टरकी जमली तरीही."

सगळ्या हसल्या. लेटीही हसली, पण ती गंमत करत नव्हती. लहानपणी झोपाळ्यावरून पडून तिचा पुढचा दात मुळासकट निघाला होता. दंतवैद्यानं तो धुऊन परत जागेवर बसवला आणि तो चक्क रुजला. "हा बघ," म्हणून ती कुणालाही ओठ वर करून दाखवायची. "उपटलेली गाजरंसुद्धा परत रुजत नाहीत, कॅस. हा रुजला. ज्यानं हे केलं त्याचं काम मला करायचंय."

पुढची दोन वर्षं आम्ही दोघी एकाच घाण्याला जुंपलेल्या होतो. अमेरिकेत आधी चार वर्षं कॉलेज करायचं आणि मग वैद्यकीय शाळेच्या दारात उभं राहायचं. त्या दारापर्यंत पोचेतो रसायनशास्त्रात वरची श्रेणी हवी, प्रवेश परीक्षेत गुण हवेत, कुठेतरी सेवा केलेली हवी आणि एखाद्या डॉक्टरच्या मागे महिनोन् महिने उभं राहून काम पाहिलेलं हवं. मी रुग्णालयात चाकाच्या खुर्च्या ढकलायचे. लेटी दर शुक्रवारी डॉक्टर केसलरांच्या दवाखान्यात जायची.

डॉक्टर मरियम केसलर म्हणजे साठीची, उंच, काटक बाई. गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी लेटीचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "साबण घे आणि दाढ कोरून आण."

"कुठली दाढ, डॉक्टर?"

"तुला कळेल अशी कुठलीही. मला कळली म्हणजे झालं."

आमच्या खिडकीत साबणाच्या दाढांची रांग लागली. खोलीला कायम लॅव्हेंडरचा वास. एकदा घाईत मी त्यातल्याच एका दाढेनं अंघोळ करून आले, तर लेटी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. "वरची डावी सहावी होती ती! आतापर्यंतची सर्वांत चांगली! तू काखेत फिरवलीस!" पण खरंच, तिच्या उजव्या हातात जादू होती. तिसऱ्या वर्षापर्यंत केसलरबाई तिला पेशंटच्या शेजारी उभं करून थुंकी ओढणारी नळी धरू द्यायला लागल्या होत्या. त्यांच्या लेखी ही मोठी पदवीच.

त्याच वर्षी ऑक्टोबरात पहिला बर्फ पडला आणि दवाखान्यातून परत येताना लेटीची गाडी रस्ता सोडून खड्ड्यात गेली. बाकी अंगावर ओरखडाही नव्हता. फक्त काच फुटून उजव्या मनगटात खोल गेली आणि आतला मज्जातंतू तुटला. शल्यविशारदानं तो सांधला. पण शुद्धीवर आल्यावर तिनं विचारलं तेव्हा त्यानं लपवाछपवी केली नाही. अंगठा आणि शेजारची दोन बोटं थोडीफार परत येतील, म्हणाला. कप धरता येईल, गाडी चालवता येईल. नाजूक काम मात्र नाही.

लेटीनं मान हलवली आणि मला म्हणाली, "कॅस, माझ्या मोज्यांची दुसरी जोडी आणलीस का?" जसं काही त्यानं दुसऱ्याच कुणाबद्दल सांगितलं होतं.

रडली ती खोलीवर आल्यावर. न्हाणीघरात, नळ पूर्ण सोडून. मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभी होते.

वैद्यकीय शाळांना अर्ज करणाऱ्या मुलांना मार्गदर्शन करायला कॉलेजात प्रिंडल नावाचे गृहस्थ होते. माणूस भला. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि प्रेमानं समजावलं, की सार्वजनिक आरोग्य आहे, रुग्णालयाचं व्यवस्थापन आहे, संशोधन आहे. "एक दार बंद झालं म्हणून काय झालं, लेटी? बाकीची कितीतरी उघडी आहेत."

"मला दार नकोय, मिस्टर प्रिंडल," लेटी म्हणाली. "मला खुर्ची हवीय. पेशंटची."

हे ती बोलली खरं, पण बाहेर येऊन पायरीवर मटकन बसली. "मोठ्या तोऱ्यात बोलले ना? आता कसं करायचं ते कुणाला विचारू?"

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेले, कारण माझं घर पार नेब्रास्कात. तिथे तिची आई होती आणि आईचा दुसरा नवरा ड्वाइट. लेटी त्याला नावानंच हाक मारायची. ड्वाइट शाळेची बस चालवायचा आणि हिवाळाभर जेवणाच्या टेबलावर बसून ट्राउट मासे पकडायच्या खोट्या माशा बांधायचा. इवलासा गळ चिमट्यात पकडायचा, त्याच्याभोवती पीस, हरणाचा केस आणि रेशमी दोरा गुंडाळायचा, की पाण्यावर तरंगणारी हुबेहूब माशी तयार. बोलायला मात्र तो फार कंजूस.

टर्की खाऊन सगळे सुस्तावलेले असताना लेटी त्याच्यासमोर जाऊन बसली. "मला शिकव."

"लहानपणी शिकवलं होतं की. पळून गेलीस."

"आता डाव्या हातानं शिकव."

ड्वाइटनं चष्मा वर केला. "मी उजवा आहे, पोरी. डाव्याचं मला काय कळतंय?" मग बराच वेळ तो दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिला. "समोर बस. शेजारी नको, समोर. आरशात बघतेस असं समज. माझा उजवा जे करेल ते तुझ्या डाव्यानं करायचं."

असे ते दोघं समोरासमोर बसले. तिची पहिली माशी बघून आई म्हणाली, "अगं, ही चपलेखाली आलेली दिसतेय." दुसरी तर पहिलीलाही लाजवणारी. लेटीनं गळ भिरकावला, तो पडद्यात अडकला. ड्वाइट शांतपणे उठला, पडद्यातून गळ सोडवला आणि परत चिमट्यात लावला. "दोरा ताणू नकोस. ताणलास की तुटतो. नुसता ताब्यात ठेव."

परत निघताना त्यानं आपला जुना चिमटा आणि पिसांची पिशवी आमच्या गाडीत ठेवली होती. सांगितलं मात्र नाही, आम्हाला हॉस्टेलवर सामान काढताना सापडली.

त्या हिवाळ्यात मी जे पाहिलं त्याला जिद्द वगैरे म्हणायला मला आवडत नाही, कारण दिसायला ते अजिबात सुंदर नव्हतं. लेटी डाव्या हातानं जेवायची आणि वाटाणे माझ्या ताटात उडायचे. तिनं काढलेल्या टिपा बालवाडीतल्या पोरानं लिहिल्यासारख्या. प्रयोगशाळेत मी तिची जोडीदार होते. तिच्या डाव्या हातातली काचेची नळी अशी थरथरायची, की मापाच्या रेषेवर द्रव आणेपर्यंत बाकीच्यांचे प्रयोग संपून भांडीही धुऊन झालेली असायची. शिक्षकांनी सांगितलं, "कॅसला करू दे, तू नोंदी घे. मार्क कापणार नाही."

"वेळ जास्त द्या, सर," ती म्हणाली. "पण नळी नका काढून घेऊ."

मग मी थांबायचे. कधी कधी मला संताप यायचा, आणि तिला माझ्याहून जास्त. एकदा मी मदतीला हात पुढे केला तर केवढ्यांदा ओरडली माझ्यावर! रात्री माझ्या उशीवर अर्धा केक ठेवलेला होता. डाव्या हातानं कापलेला, त्यामुळे त्याचा भुगाच झालेला.

वसंतात तिच्या माशा माशांसारख्या दिसायला लागल्या. तेव्हा कुठे ती केसलरबाईंकडे गेली. मलाही बरोबर नेलं, आधाराला.

केसलरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी दयेपोटी शिफारस लिहीत नाही."

"मागायला आलेही नाही. शुक्रवार परत मागायला आलेय."

"माझ्या दवाखान्यातली प्रत्येक गोष्ट उजव्या हातासाठी मांडलेली आहे. दिवा, खुर्ची, हत्यारांचा ट्रे, सगळं. तू डाव्या बाजूला उभी राहिलीस तर माझ्याच कोपराला आपटशील."

"मग मी आपटेन आणि सॉरी म्हणेन."

बाई उठल्या, टेबलावर प्लास्टरचा जबडा ठेवला, त्यात मेण भरलेली एक दाढ बसवली आणि कोरायचं हत्यार घेऊन स्वतः डाव्या बाजूला बसल्या. डाव्या हातात हत्यार, उजव्यात छोटा आरसा. आम्ही दोघी बघतच राहिलो. बाईंचा हात आरशात एकीकडे आणि दाढेवर भलतीकडे जात होता. एकदा तर त्यांनी प्लास्टरच्या हिरडीचाच टवका उडवला.

"अरे देवा!" केसलरबाई म्हणाल्या. त्यांच्या तोंडून असं काही मी पहिल्यांदाच ऐकलं. "इतकी वर्षं हे काम करतेय आणि आज मला दाढ सापडेना." त्यांनी हत्यार लेटीपुढे धरलं. "कर."

लेटीनं केलं. हळू केलं, मध्ये दोनदा थांबली, श्वास घेतला. पण मेण कोरून दाढेचे उंचवटे आणि खळगे जसे हवेत तसे उमटवले. बाईंनी जबडा उचलून खिडकीपाशी नेला आणि उजेडात बघत राहिल्या. काही चांगलं दिसलं की त्या नाक ओढायच्या, तसं त्यांनी नाक ओढलं.

"शुक्रवारी ये," म्हणाल्या. "खुर्ची मी फिरवून घेते."

पुढच्या शुक्रवारी दिव्याचा दांडासुद्धा दुसऱ्या बाजूला लावलेला होता.

प्रवेश परीक्षेत लेटीनं उत्तम गुण मिळवले. तिथे हातानं करायचं काही नसतंच. प्रश्न अर्जाचा होता. प्रिंडलसाहेबांचा सल्ला होता, हाताचा उल्लेखच नको. लेटीनं सरळ लिहिलं: उजव्या हातानं माझ्याकडून बारीक काम होत नाही, डाव्यानं होतं, कुणाला बघायचं असेल तर करून दाखवीन.

आमच्या राज्यात दंतवैद्यकाची शाळा नाही, त्यामुळे सगळे अर्ज परराज्यात गेले. मला सिएटलला वैद्यकीय प्रवेश मिळाला. लेटीला एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि मग नकार. बाकीच्यांनी बोलावलंच नाही. माझा आनंद कुठे ठेवू ते मला कळेना. तिनंच तो सोपा केला. माझ्या खोक्यांवर चिकटपट्टी लावत म्हणाली, "तू जा गं. मी एक वर्ष उशिरा येते. बस चुकली आहे, रस्ता वाहून गेलेला नाही."

ते वर्ष ती केसलरबाईंकडे सहायक म्हणून राहिली. फोनवर मला पेशंटांच्या गोष्टी सांगायची. एक आडदांड गुरंवाला सुई बघून खुर्चीतून उठून पार्किंगपर्यंत पळाला होता. लेटी त्याच्यामागे गेली, त्याच्या ट्रकमध्ये शेजारी बसली आणि वासरांच्या बाजारभावाबद्दल बोलत बोलत त्याला परत घेऊन आली. बाई म्हणाल्या, "हे मला अजून जमत नाही." लेटीला ते वाक्य पदकासारखं वाटलं.

त्याच वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, मिनेसोटातल्या एका शाळेत. समोर तीन प्राध्यापक होते. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आडपडदा न ठेवता विचारलं, "मिस हॉवरसन, आम्ही तुम्हाला घेतलं आणि ऐन कामात हात दमला तर?"

"तुमचा दमतो तेव्हा तुम्ही काय करता, सर?"

"मी? मी थांबतो. पेशंटला चूळ भरायला सांगतो."

"मीही तेच सांगेन."

म्हाताऱ्याच्या शेजारची बाई खोकल्यासारखं करून हसली. मग त्यांनी खरंच मेणाचा ठोकळा आणून तिच्यापुढे ठेवला. लेटी म्हणते, तिथे तिला पहिल्यांदा भीती वाटली नाही. उलट, आता बोलणं थांबवून काम करायचं म्हणून बरंच वाटलं.

डिसेंबरात एका दुपारी तिचा फोन आला. मी शरीररचनेच्या वर्गातून नुकतीच बाहेर पडले होते, केसांना प्रेतं टिकवायच्या औषधाचा वास येत होता. पलीकडे नुसता गोंधळ चालला होता. यंत्राची घरघर, कुणाचं तरी ओरडणं.

"लेटी? काय झालं?"

"घेतलं! कॅस, घेतलं मला! थांब, पेशंट खुर्चीत आहे, त्याच्या तोंडात नळी आहे अजून—"

मागून केसलरबाईंचा आवाज आला, "नळी मी धरते. तू बोल तिच्याशी." आणि पाठोपाठ त्या पेशंटचा, तोंडात कापूस कोंबलेला असल्यामुळे बोबडा झालेला, "अभिनंदन पोरी!"

माझ्या आजूबाजूनं मुलं पुस्तकं छातीशी धरून पुढच्या तासाला पळत होती. मी जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिले. लेटी पलीकडून ओरडत होती, "अगं बोल ना काहीतरी! सिएटलला एवढा महागाचा फोन चाललाय, नि तू नुसती रडतेस काय!"