औषध वाढवलं

द्रौपदीबाईंनी डब्याच्या वरच्या कप्प्यात घावणे भरले आणि खालच्यात नारळाचा रस ओतायला घेतला, तेव्हा सुशांतने त्यांचा हात धरला.

"आई, अबोलीला कच्चं काही चालत नाही. पथ्य विसरलीस?"

"आता कित्याचा पथ्य?" त्यांनी हात सोडवून घेतला. "खाऊं दे चेडवाक काय व्हया ता."

त्यांचे डोळे सुजले होते. सुशांत वैतागला. सात वर्षांची लेक रक्ताच्या कॅन्सरने इस्पितळात, बायको तिच्या उशाशी, आणि तो चारकोपला घरी फक्त कपडे न्यायला आलेला.

"पथ्य संपलं असं कोणी सांगितलं तुला?"

"तू माझ्या मोबायलात घातलंस त्या बायन."

इस्पितळाने पालकांना एक चॅटबॉट दिला होता. बोलून विचारलं की मुलाची तब्येत सोप्या मराठीत सांगायचा. सकाळी सुशांतने तो आईच्या फोनवर घालून दिला होता. आपल्यापेक्षा तो नीट समजावेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. खरं तर सांगताना आईच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

त्याने आईच्या फोनचं बटण दाबलं. गोड, शांत आवाज आला. "अबोलीचं औषध आजपासून वाढवलं आहे..."

"आयकलंस?" म्हणत द्रौपदीबाईंनी पदर तोंडाला लावला.

सुशांतला आधी उमगलंच नाही. मग त्याची नजर तांदळाच्या डब्यावर गेली. या घरात तांदूळ कधी संपले नव्हते, ते वाढायचे. बांगडी फुटत नसे, वाढायची. 'दिवा वाढव'ऐवजी 'दिवा विझव' म्हणाला म्हणून लहानपणी त्याने मारही खाल्ला होता. अशा आईच्या हातात तो यंत्र देऊन गेला होता, आणि ती दिवसभर तो एक शब्द उराशी घेऊन एकटीच नारळ खवत बसली होती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"अगं, वाढवलं म्हणजे जास्त केलं! बंद नाही केलं."

द्रौपदीबाई खाली बसल्या. हसल्या, रडल्या, मग त्यांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले.

"मगे चेडवाक गुण येता मां?"

सुशांतचं बोट पुन्हा फोनच्या बटणाकडे गेलं. द्रौपदीबाईंनी फोन उचलला आणि तांदळाच्या डब्यावर पालथा ठेवला.

"तिका नको विचारू. तू सांग, झिला."

तो त्यांच्यासमोर फरशीवर बसला. त्याला मान वर करता येईना.

"आधीचं औषध लागू पडलं नाही, आई. म्हणून वाढवलंय."

द्रौपदीबाई उठल्या. त्यांनी खालच्या कप्प्यातला रस परत टोपात ओतला आणि कप्पा विसळून पालथा घातला.

"म्हणजे पथ्य पाळूकच व्हया," त्या म्हणाल्या. मग घावणे ताटलीत काढून त्यांनी त्याच्यापुढे सरकवले. "तू खा. सकाळी उपाशीच पळालंस."