एल ए एक्स डॉट के डी

वारंगा फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणारा जळबा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी आपल्या आंधळ्या लेकीला, करुणाला, जीपमध्ये बसवून आखाडा बाळापूरला न्यायचा. तिथं खताच्या दुकानावरच्या माडीत किसनरावांचं संगणक केंद्र होतं. ही गोष्ट यंदाची, २००८ सालची. तालुक्याच्या कचेरीत अपंगांसाठी कारकुनाची एक जागा निघाली होती. करुणा बी.ए. झालेली; घोडं अडलं होतं ते फक्त संगणकाच्या सर्टिफिकेटापाशी.

पहिल्याच दिवशी जळबा तिला परत न्यायला जिना चढला तर आत पोरं खदाखदा हसत होती. करुणाच्या कॉम्प्युटरवर पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं होतं. ते केंद्राच्या ऑनलाइन कोर्सचा पहिला धडा वाचत होतं, "एल, ए, एक्स, डॉट, के, डी."

"हे काय बोलून राहिलं, माय?" जळबानं विचारलं.

शिकवणाऱ्या पल्लवी मॅडम खाली मान घालून म्हणाल्या, "काका, पडद्यावर 'संगणक' असंच दिसतंय. पण आमचे धडे जुन्या फॉन्टात आहेत. वरून मराठी, आतून नुसती इंग्रजी अक्षरं. युनिकोडमध्ये परत टाईप केले तर मशीन नीट वाचेल."

जळबा किसनरावांच्या केबिनमध्ये गेला.

"एका पोरीसाठी सगळी वेबसाईट परत टाईप करू?" किसनराव हसले. "कमाल करता जळबा. बाकीच्यांना दिसतंय ना बराबर? अन् आंधळ्या लेकराला काहून तकलीफ देता? घरी बसवा. सर्टिफिकेटाचं मी बघतो."

किसनराव दिलदार माणूस, असं सगळं बाळापूर म्हणायचं. अपंगांना ब्लँकेटं वाटायची, हार घालायचे, फोटो काढायचे, यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पन्नास पानं टाईप करणं मात्र त्यांच्या दयेत बसत नव्हतं. अशी दया मला शिवीपेक्षा जास्त झोंबते, कारण शिवीला उलट उत्तर तरी देता येतं.

करुणा घरी बसली नाही. तिनं ती इंग्रजी अक्षरंच पाठ करायला घेतली. एल म्हणजे स, एक्स म्हणजे ग, डी म्हणजे क. जीपमध्ये बापाशेजारी बसून ती पुटपुटत राहायची. इतरांना एक ओळ वाचायला जितका वेळ लागे, तितक्यात तिचा एक शब्द उलगडे. तरी दोन महिन्यांत तिनं सगळे धडे असे सोलून काढले. जळबाला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याची छाती फुगत होती.

परीक्षाही त्याच फॉन्टात आली. तासात पन्नास प्रश्न. करुणानं जास्तीचा वेळ मागितला. "नियमात नाही," किसनराव म्हणाले. अकरावा प्रश्न सुटला आणि वेळ संपला.

चौथ्या दिवशी निरोप आला, करुणा पास. चौऱ्याऐंशी टक्के. रविवारी सत्कार, पेपरवाले येणार.

"बाबा, म्या अकराच सोडवले," करुणा म्हणाली. "बाकीची उत्तरं कुणी दाबली?"

जळबाला सगळं समजलं. पण अर्जाची मुदत सोमवारी संपत होती. "घे ना माय," तो काकुळतीला आला. "कागद घे अन् मोकळी हो. नौकरी लागल. तुह्या मायचा जीव थंड होईल."

करुणा पुन्हा तीच अक्षरं पुटपुटू लागली.

रविवारी मंडपात किसनरावांनी तिच्या गळ्यात हार घातला, हातात सर्टिफिकेट दिलं. फोटो निघाला. "या दुर्दैवी मुलीला आम्ही पायावर उभं केलं," ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मग माईक करुणाकडे आला.

"एल, ए, एक्स, डॉट, के, डी," ती म्हणाली. "ई, जी, डॉट, के, टी, एस."

लोक हसले.

"हसू नगा. तुमच्या कोर्सातला पैला धडा हाय. ज्याला समजला न्हाई त्यानं हात वर करा. मला दिसत न्हाई, माह्ये बाबा मोजतील."

हसणं थांबलं. एकही हात वर जाईना. कडेला उभ्या पल्लवी मॅडमनी तेवढा हात वर केला आणि किसनरावांकडे पाहिलंही नाही.

"बाबा, किती?"

जळबाच्या डोळ्यांपुढे उद्याची मुदत उभी राहिली. मग त्यानंही ग्रीसनं काळा झालेला हात वर केला. "दोन, माय. येक मॅडमचा, येक माहा."

"आमी तिघं हाव मग," करुणा म्हणाली. तिनं सर्टिफिकेट चाचपत टेबलावर ठेवलं. "हे माहं न्हाई. मला वाचता येईल असा धडा द्या अन् परीक्षा परत घ्या. नापास झाले तर नापास म्हना."

सोमवारची मुदत टळली. ती जागा गेली. पल्लवी मॅडमनी त्याच दिवशी पहिला धडा युनिकोडमध्ये टाईप करायला घेतला आणि शनिवारी किसनरावांनी त्यांना कामावरून काढलं. आता मॅडम फाट्यावर, जळबाच्या दुकानाशेजारच्या टपरीत उसना कॉम्प्युटर ठेवून टाईप करतात. नऊ धडे झालेत.

पेपरात फोटो मात्र छापून आला, हारासकट. 'अंध मुलीचे सुयश.' करुणानं ती बातमी पेपरच्या वेबसाईटवर लावून पाहिली. मशीन बोलू लागलं, "व्ही, ए, स्लॅश..."

माझी ही गोष्टही त्याच पेपरच्या वेबसाईटवर, त्याच फॉन्टात जाईल. तुम्हाला ती विनासायास वाचता येईल, आणि जिची आहे तिला येणार नाही.