हरणीचं पाचवं पिल्लू

मी हरणी. जातीची कारवानी कुत्री. चौसाळ्याजवळ हायवेपासून थोडं आत धोंडीरामचं शेत आहे, तिथून बोलतेय. बोलता बोलता मध्येच थांबले तर रागावू नका. आठ दिवस झाले, माझं चित्त ठिकाणावर नाही.

माझा जन्म इथलाच. माझी आईही इथेच वाढली. धोंडीराम कुत्री पाळतो, पण पिल्लांचा बाजार मांडत नाही. मला आजवर दोनच वेळा पिल्लं झाली, आणि आता पुरे म्हणतो. पिल्लू न्यायला कोणी आलं तर त्याचे नियम ठरलेले. दोन महिने भरल्याशिवाय पिल्लू मिळणार नाही. चपला फाटकाबाहेर काढायच्या, हात साबणाने धुवायचे. मग थोडा वेळ माझ्यापाशी बसायचं. आई बघितल्याशिवाय पिल्लाला हात लावायचा नाही.

या वेळी पाच झाली. चार गेली. पाचवं राहिलं. पांढऱ्या पायांचं, दूध प्यायला सगळ्यांत शेवटी येणारं.

त्याला न्यायला केजचे किराणा दुकानदार सिद्धलिंग आप्पा आले. सोबत त्यांच्या पत्नी, शांतादेवी.

"चपला भायेर?" आप्पा हसले. "धोंडीराममामा, हे काय कपिलधारचं देऊळ हाय का?"

"देवाला काय होत न्हाई चपलांनी. पिल्लाला होतंय."

आप्पांनी मला निरखलं. "कुत्री लईच वाळलीय. पोटाला घालता का न्हाई?"

"जातच तशी हाय, आप्पा. हिच्या बरगड्या दिसायच्या थांबल्या की मला घोर लागतो."

मग धोंडीराम विचारू लागला. घराला कुंपण आहे का? दिवसभर घरी कोण असतं? बांधणार की मोकळं ठेवणार?

"पोरगी देतानाबी एवढं कोण इचारत न्हाई, मामा."

"पोरगी फोन तरी करती. आन् ह्याच्या आधी कुत्रं होतं का घरात?"

"न्हाई," आप्पा पटकन म्हणाले. शांतादेवी जमिनीकडे बघत राहिल्या.

धोंडीरामने पिल्लाचे डोळे, दात, पोट दाखवलं. पहिल्या लसीचं कार्ड दाखवलं. पिल्लाला मांडीवर घ्यायचं म्हणून शांतादेवींनी पिशवीतून एक जुनी शाल काढली.

माझ्या पाठीचे केस उभे राहिले. शालीला पिल्लाचा वास होता, पण माझ्या पिल्लाचा नव्हे. त्या वासाखाली रक्ताचा वास, हगवणीचा वास. शाल धुतलेली होती. पण माणसांचं धुणं माझ्या नाकाला पुरत नाही. पिल्लू तुरुतुरु शालीकडे निघालं. मी झेप घेऊन शाल तोंडात धरली आणि फरफटत फाटकापर्यंत नेली.

"अहो, धरा तिला! चावंल!" आप्पा ओरडले. मी आजवर कोणा पाहुण्यावर गुरगुरले नव्हते. त्या दिवशी गुरगुरले.

धोंडीरामने आधी पिल्लू उचलून आपल्या बायकोच्या, छबुबाईच्या हातात दिलं. मग हळू आवाजात विचारलं, "ताई, शाल कोणाची?"

शांतादेवींना रडू फुटलं. "दोन महिन्यांमागं आणलतं एक. मोबाइलवर फोटो बघून. गाडीवाल्यानं रस्त्यावरच हातात दिलं, आईबी दावली न्हाई. महिन्याचं होतं हो. चार दिवस जगलं. रगत हगलं आन् ह्याच शालीवर गेलं. मला टाकवंना."

"सांगितलं असतं तर तुमी दिलं नसतं," आप्पा म्हणाले. आवाजातलं हसू गेलं होतं.

"आजबी देत न्हाई. राग मानू नका. त्या रोगाचं विष घरात, मातीत वरीसभर ऱ्हातं. घर नीट धुवून काढा. ह्याच्या सगळ्या लसी होऊन अंगात मुरल्या की या."

"तवर दुसऱ्याला देणार न्हाई ना?" शांतादेवींनी डोळे पुसत विचारलं.

"न्हाई. तुमचंच हाय."

शाल जाळली. अंगणात ब्लिचिंग पावडरचं पाणी शिंपडलं. शाल माझ्या तोंडात होती, म्हणून मला घासून धुतलं आणि पिल्लापासून लांब, गोठ्यात बांधलं. दहा दिवस. मी खुंट्याभोवती फिरत राहायची. पिल्लाचा आवाज आला तरी जीव उडायचा, नाही आला तरी उडायचा. सहाव्या दिवशी त्याने वाटीतलं दूध तसंच टाकलं. धोंडीराम त्याला कुशीत घेऊन डॉक्टरकडे पळाला. मी दोरीला हिसके देऊन मान सोलून घेतली. दोघं परत आले तेव्हा छबुबाई हसत होती. "काय न्हाई झालं. भुईमुगाच्या शेंगा खाल्ल्यात मेल्यानं!"

पुढे दर रविवारी शांतादेवी एसटीने यायच्या. फाटकाबाहेर बसायच्या, आत यायच्या नाहीत. पिल्लाशी लांबूनच बोलायच्या. मी त्यांच्याकडे बघायची. हळूहळू मीही फाटकाजवळ जाऊन बसायला लागले.

चार महिन्यांचं झाल्यावर, आठ दिवसांपूर्वी, ते गेलं. आप्पांनी जीप आणली होती. जाताना धोंडीराम एवढंच म्हणाला, "जमलं न्हाई तर दुसऱ्याला देऊ नका, कुठं सोडूबी नका. धा वर्सांनी का हुईना, माझ्याकडंच आणा."

ते मी ऐकलं, आणि तेच माझ्या जिवाला लागलं आहे. हायवेवरून एखादी गाडी आत वळली की मी उठते. माझं पिल्लूच परत आलं असेल असं वाटतं आणि पळत सुटते. अर्ध्या वाटेत पाय थांबतात. परत आलं म्हणजे तिकडे काहीतरी बिघडलं. नको रे येऊ, असं म्हणते, आणि तरी पुढे जाऊन बघते. गाडी दुसऱ्याच कोणाची असते. बरं वाटतं आणि वाईटही वाटतं.

शांताताई, त्याला परत आणू नका. पण कधी या बाजूला येणं झालं तर सोबत घेऊन या. तासभर बसा. मला त्याला एकदा चाटू द्या. मग घेऊन जा.