चाकाला ढील

मनीषाच्या पत्राला उद्या उत्तर लिहू असं जयरामनानांनी ठरवलं, त्याला आता चार वर्षं होत आली होती.

पत्र इंग्लंडहून आलं होतं. मनीषा ही नानांची पुतणी. लग्न होऊन नॉटिंगहॅमला गेलेली. पत्राबरोबर एक खोकं होतं, आणि त्या खोक्याला कारण झाले होते खुद्द नाना. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होताना रद्दीत चाललेलं एक बिनकव्हरचं इंग्रजी पुस्तक त्यांनी घरी आणलं. काठीला चाक लावायचं, चाकावरचा दोरा पाण्यात सोडायचा, दोऱ्यावर एक काडी तरंगत ठेवायची आणि ती बुडाली की मासा ओढायचा, या विद्येवरचं ते पुस्तक. नानांनी जन्मात मासा धरला नव्हता. खाल्लाही नव्हता, मखमलाबादच्या त्यांच्या माळ्याच्या घरात सगळ्यांच्याच गळ्यात तुळशीची माळ. पण त्या लेखकाची भाषा त्यांना इतकी आवडली, की मनीषाला लिहिताना नदी, वारा आणि तरंगती काडी यांवर त्यांनी चांगली दोन पानं भरली. पुस्तकाचा उल्लेख करायचा मात्र राहून गेला.

मनीषाने ती पानं शेजारच्या मिस्टर पिकरिंगना वाचून दाखवली आणि वर सांगितलं, की आमचे काका म्हणजे गोदावरीवरचे पट्टीचे मासेमार.

झालं. मिस्टर पिकरिंग स्वतः जुने मासेमार, पण आता त्यांचे हात थरथरू लागले होते. त्यांनी आयुष्यभर जपलेलं चाक पुसलं, तेल घातलं आणि खोक्यात घालून दिलं. मनीषाने लिहिलं होतं, ‘काका, ते दर रविवारी कुंपणावरून विचारतात, चाक चालतंय का? तेवढं एकच कळवा.’

नाना पेचात पडले. चालतंय म्हणावं तर ते खोटं. चालत नाही म्हणावं तर त्या भल्या माणसाच्या चाकाचा अपमान. आणि मी मासेमारच नाही असं कळवावं, तर परमुलखात पोरगी तोंडघशी पडणार. तेव्हा उत्तर उद्या लिहू, असं ठरलं.

दोन हजार तीन सालच्या संक्रांतीआधी मनीषाचा फोन आला. फोन पुतळाबाईंनी उचलला. पुतळाबाई म्हणजे मनीषाची आई, नानांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून झेंडूचा मळा त्या एकट्या बघत, आणि नानांनाही.

“भावजी, मनी इचारती, चाकाचं काय झालं?”

“मी घरात नाही म्हणून सांगा,” नाना दाराआडून म्हणाले.

“ती म्हणती, काका घरात नाहीत हे काकाच सांगत्यात, ऐकू आलं.” मग पुतळाबाईंनी पुढचं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. “ते पिकरिंग म्हातारं घर इकून चाललं. महिनाअखेर. लेकीच्या गावाला म्हाताऱ्यांचा आश्रम हाय, तिथं. मनी म्हणती, जायच्या आत त्याला उत्तर मिळालं नाय तर तिला लय वाईट वाटंल. आता बोला.”

रात्री नानांना जेवण गेलं नाही. खोकं उघडून त्यांनी चाक बाहेर काढलं. काळंभोर, बशीएवढं, दोन इवल्या लाकडी मुठींचं. मधल्या खिळ्यावर ते इतकं हलकं बसलेलं होतं, की नुसती फुंकर मारली तरी गरगरा फिरे. ना त्याला ब्रेक, ना खटका. पुस्तकात म्हटलंच होतं, या चाकाचा ब्रेक म्हणजे माणसाचा अंगठा. उत्तर खरं लिहायचं, तर ते चाक एकदा तरी गोदावरीवर फिरायला हवं होतं. फक्त एकदा. महिनाअखेरच्या आत.

सामानाची जमवाजमव सुरू झाली. पुस्तकाच्या मते काठी तेरा फूट लांब आणि वेतासारखी लवलवती हवी. नानांनी मांडववाल्याकडून एक बारीक बांबू आणला. तो जिन्यातून वर जाईना, म्हणून खिडकीतून घातला. खिडकीतून आत आला तो समोरच्या खिडकीतून बाहेर निघाला. दोरा ओवायला कड्या हव्या होत्या, त्यासाठी पुतळाबाईंच्या सेफ्टी पिना गेल्या. दोरा म्हणून नायलॉनचा तंगूस आणला. वजनाला शिसं मिळेना, तेव्हा खालच्या सायकल दुकानातल्या फकिराकडून बारके नट घेतले. गळाची एक पुडी आणली, ती मात्र त्यांनी उघडली नाही. मासा धरण्याचं प्रकरण पुस्तकात शेवटी होतं, आणि दर वेळी त्याच्या आधीच्या पानावर नाना पुस्तक मिटत आले होते.

तरंगत्या काडीबद्दल लेखकाचं ठाम मत होतं: मोरपिसाच्या दांडीला तोड नाही. साता समुद्रापलीकडचा माणूस आपल्या देवघरातली वस्तू मागतो आहे, याने नाना हरखून गेले. कृष्णामागचं मोरपीस उचललं तर पुतळाबाई म्हणाल्या, “देवाला इचारलं का?”

“विचारलं.”

“काय म्हणाला?”

“काही बोलला नाही.”

“म्हंजे तुमच्यावरच गेलाय,” पुतळाबाई म्हणाल्या.

सराव गच्चीवर. पुस्तकातली फेक अशी: उजव्या हाताने काठी बाजूने झुलवायची, त्याच क्षणी डाव्या हाताने दोरा आडवा ओढून चाकाला गती द्यायची, अंगठा उचलायचा, आणि काडी पाण्याला टेकता टेकता अंगठा पुन्हा चाकाच्या कडेवर ठेवायचा. उशीर झाला की दोऱ्याचं घरटं होतं. नानांनी गच्चीच्या टोकाला पाण्याची बादली ठेवली, पुस्तक उघडून त्यावर खलबत्त्यातला बत्ता ठेवला आणि काठी झुलवली. नेमक्या वेळी मनात आलं, हे आपल्याला जमेल का? अंगठा उचललाच नाही. काडी गर्रकन मागे फिरली आणि नट टाकीवर टण्णकन आदळला.

पुढच्या खेपेला अंगठा उचलला, पण परत ठेवायचा राहिला. त्या वेळी नाना दोऱ्याला ‘माफ करा’ म्हणत होते. घरटं झालं. तिसऱ्यांदा काडी शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत पडली आणि परत येताना एक पापड घेऊन आली.

खालून फकिरा ओरडला, “नाना, काय चाललंय वर?”

“मासेमारी.”

“गच्चीवर?”

“सराव आहे.”

“लागतंय का काही?”

नानांनी काडीकडे पाहिलं. “उडदाचा पापड,” ते म्हणाले.

दोऱ्याची वेटोळी बोटांत धरून फेकण्याची दुसरी, सोपी रीतही पुस्तकात होती. ती करताना नानांची चारही बोटं अशी गुंतली की पुतळाबाईंना कात्री घेऊन वर यावं लागलं. तंगूस कापता कापता त्यांची नजर चाकावर पडली. त्यांनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं, एका बोटाने फिरवलं आणि कानाशी धरलं.

“भावजी, ही आसारी हाय.”

“वहिनी, हे इंग्लंडमधलं—”

“कुठलं का असंना. आसारी हाय. मी येवल्याची. संक्रांतीला माझ्या हातात कडबोळी कमी अन् आसारी जास्त असायची. पतंगाला ढील देती ती फिरकी हीच. वर वाऱ्याला द्यायची, तुम्ही खाली पाण्याला द्या. त्या पिकरिंगचं माहेर येवल्याचं हाय का?”

नानांना एकदम पटलं. पुस्तकात चाळीस पानांत होतं ते हेच.

“तुमचं चुकतं कुठं सांगू?” पुतळाबाई म्हणाल्या. “तुम्ही सोडायच्या वक्ताला धरता. अंगठा काढला की काढला. वाऱ्याला इचारायचं नसतं, नेतो का म्हणून. अन् हा दोरा टाका फेकून, त्याचा पार खराटा झालाय. मी भरून देते दुसरा.”

सकाळी चाक भरून तयार होतं. दोरा गुलाबी होता. पुस्तकात दोऱ्याच्या निवडीवर एक प्रकरण होतं आणि दोरा माशाला दिसू नये असं त्यात बजावलं होतं. पण आपण कोण बोलणार, असं म्हणून नानांनी चाक काठीला बांधलं.

जागा ठरली सायखेड्याची. नाशकात ओळखीचं कुणी बघेल म्हणून. पुतळाबाईही बरोबर निघाल्या. धरणातून आवर्तन सुटलेलं होतं, त्यामुळे नदी चांगली चालती होती. बांबू एसटीत मावेना, कंडक्टर म्हणाला, “बाबा, याला टपावर बसवा, अन् तुम्हाला सोडवत नसंल तर तुम्ही बी त्याच्याजवळ बसा.” बांबू टपावर गेला.

सायखेड्याच्या घाटावर तिघे जण आधीच गळ टाकून बसले होते. त्यातला सहादू नावाचा वयस्कर माणूस बांबूकडे बराच वेळ बघत राहिला.

“कुठलं म्हणायचं पाव्हणं?”

“मखमलाबाद.”

“मांडव घालायचाय?”

“नाही. तरंगती काडी सोडायची आहे.”

“आमिष काय लावलं?”

“काही नाही.”

“गळ?”

“गळही नाही.”

सहादूने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजारी पाण्याकडे पाहू लागला. “मंग मासा कसा धरता?”

“मासा धरायचा नाय,” पुतळाबाई म्हणाल्या. “माळ हाय आमच्या गळ्यात. आमाला फक्त चाक चालतं का बघायचंय. इलायतेत एक म्हातारं खोळंबलंय.”

एवढं ऐकल्यावर तिघेही सरकून बसले, बघायला सोयीचं व्हावं म्हणून.

नाना तिघांच्या वरच्या अंगाला, पायरीवर उभे राहिले. पहिल्या फेकीत काडी मागे गेली आणि पुतळाबाईंच्या डोक्यावरच्या पदराला दोन वेढे घालून बसली. कुणी हसलं नाही, त्यामुळे जास्तच लाज वाटली. पुतळाबाईंनी वेढे सोडवले आणि हळूच म्हणाल्या, “भावजी, ढील द्या.”

नानांनी काठी झुलवली. डाव्या हाताने दोरा ओढला. आणि या खेपेला मनात काही येण्याआधीच अंगठा उचलला.

मोरपिसाची काडी हवेतून एक लांब वळण घेऊन मध्य धारेत जाऊन पडली. टेकता टेकता अंगठा कडेवर आला, काडी सरळ उभी राहिली, आणि धारेने ती उचलली. मग नानांनी अंगठा पुन्हा हलका केला. चाक फिरू लागलं. फिरताना अगदी बारीक आवाज करत होतं, मधमाशी खिडकीच्या काचेशी करते तसा. काडी डौलात पुलाकडे निघाली.

काडी वाटेत सहादूच्या गळाच्या दोरीला आडवी गेली. गुलाबी दोरा दोरीवर घासला, चाकाने आणखी ढील दिली, आणि सहादूची दोरी टच्चदिशी तुटली. त्याचं बूच एकटंच वाहत चाललं.

“वकाट!” पतंग काटल्यावर येवल्यात ओरडतात तसं पुतळाबाई ओरडल्या आणि लगेच त्यांनी पदर तोंडावर घेतला.

तेवढ्यात दुसऱ्याचीही दोरी गेली. तिसऱ्याने आपली घाईघाईने वर ओढली आणि छातीशी धरून बसला.

नाना हळूहळू वहिनींकडे वळले. “वहिनी, हा दोरा कुठला?”

“मांजा हाय. येवल्याचा. माझ्या भावाने घोटलेला.” त्यांचा आवाज जरा खाली आला. “आसारीला दुसरं काय भरतात, भावजी?”

सहादू उठून उभा राहिला. “आजे, ही गंगा हाय. ही काय तुमची गच्ची नाय. इथं कुणी कुणाची काटत नसतं.”

नानांनी हात जोडले, म्हणजे जोडायला गेले, पण एका हातात काठी होती. मग त्यांनी पिशवीतून न उघडलेली गळाची पुडी आणि उरलेला चांगला तंगूस काढून सहादूपुढे धरला. सहादूने पुडी उघडून एक गळ नखावर घासून बघितला. “गळ झकास हायेत,” तो म्हणाला. “तुमी का लावला नाय?”

“भीती वाटते,” नाना म्हणाले.

“कशाची?”

“एखाद्या वेळी मासा लागायचा.”

यावर सहादू हसला तो खाली बसेपर्यंत हसला. मग म्हणाला, “ते चाक द्या जरा हातात.” पण द्यायला सवड नव्हती, कारण काडी अजून चाललीच होती. मांजाची खळ पाण्यात विरघळत होती आणि नानांच्या बोटांवरून गुलाबी ओघळ चालले होते. काडी पुलाखालच्या सावलीत शिरली, पलीकडे उन्हात निघाली, आणि तिथे भिजका दोरा तुटला. कृष्णाचं मोरपीस नांदूरमधमेश्वरच्या दिशेने निघून गेलं.

दोरा तुटला तरी चाक मात्र फिरतच राहिलं. चौघे पुरुष आणि पुतळाबाई ते थांबेपर्यंत बघत राहिले. बराच वेळ लागला.

घरी आल्यावर नाना गुलाबी बोटांनीच लिहायला बसले. रात्रीत त्यांनी कितीतरी कागद फाडले. सकाळी उरलं ते एवढंच:

‘चि. मनीषा, मिस्टर पिकरिंग यांना वाचून दाखव. महाशय, मी मासेमार नाही, वाचक आहे. मनीषाचा यात दोष नाही, मी पुस्तकाचं नाव लिहायला विसरलो. तुमचं चाक काल गोदावरीवर लावलं. मासा धरला नाही. माझ्या वहिनींनी दोन माणसांचे दोर कापले. आमच्याकडे या चाकाला आसारी म्हणतात आणि तसा रिवाज आहे. दोरा तुटला तरी चाक थांबेना. चाक चालतं. उशिराबद्दल क्षमा असावी. जयराम विधाते.’

टपालपेटीपाशी पुतळाबाई बरोबर आल्या, हारांची पाटी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या म्हणून. नानांनी पाकीट फटीत घातलं आणि अर्धं आत, अर्धं बाहेर तसंच धरून ठेवलं. ‘रिवाज आहे’ हे जरा जास्त झालं का? ‘महाशय’ बरं दिसतं का? एकदा घरी नेऊन पुन्हा वाचावं, उद्या टाकावं. बोटं पाकिटाच्या कोपऱ्याला चिकटली होती. मागे टपाल टाकायला आणखी दोघे येऊन उभे राहिले.

“भावजी,” पुतळाबाई म्हणाल्या, “अंगठा.”

नानांनी अंगठा उचलला.