एक रंगसूत्र जास्त

मंगरूळपीरच्या शिखरचंद शेठच्या घरात एक निकाल कधीचा लागून गेला होता. सून तारामतीनं पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, म्हणून नातू असा झाला. पोरगं तीन वर्षांचं होऊनही बोलत नव्हतं, जीभ सदा बाहेर. तारामतीनं त्या दिवशी विळीला हातही लावला नव्हता. पण सासूला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. दोष फिटावा म्हणून उपास करून करून बिचारीची काडी झाली होती.

१९७७ च्या दिवाळीला धाकटा दीर ज्ञानचंद मुंबईहून आला. माणसाच्या आणि चिंपांझी माकडाच्या रंगसूत्रांवर कोणतं जनुक कुठं बसलंय, ते नकाशे ताडून पाहायचं त्याचं काम. उन्हाळ्यात पुतण्याला नेऊन त्यानं रक्तही तपासून घेतलं होतं. भला माणूस. वहिनीवरचा ठपका पुसायचाच, असं ठरवून आला होता. तारामतीला वाटलं, सुटलो एकदाचे.

दिवस मावळायच्या आत जेवणं आटोपली, तसं त्यानं ओसरीवर तुरीचे दाणे मांडले.

"माणसाच्या पेशीत रंगसूत्रं शेहेचाळीस. चिंपांझीच्या अठ्ठेचाळीस. बाकी नकाशा जवळपास सारखाच. अन् आपल्या बाळाच्या सत्तेचाळीस, एक जास्त. हे आपोआप होते. वैनीचा काही दोष नाही."

सासू अंगुरीबाईचा जन्म दुकानाच्या गल्ल्यावर गेलेला. ती दाण्यांकडे पाहत राहिली.

"मंजे माणूस अन् माकड, बरोबर मधातलं."

"नाही माय! ते जास्तीचं रंगसूत्रही माणसाचंच हाये."

"तूच तं मांडून दाखोलं."

ज्ञानचंद घसा कोरडा पडेस्तोवर समजावत राहिला. चिंपांझीचं नाव काढायची गरजच नव्हती. रोजचं काम तोंडी बसलेलं, निघून गेलं. तारामतीनं नवऱ्याकडे पाहिलं. शांतीलाल ओसरीवरचे दाणे गोळा करू लागला.

"आपल्या हेमलीचं लगन जमून राह्यलं," शिखरचंद लेकीबद्दल म्हणाला. "हे गावात गेलं तं पोरीले कोन करन?"

भाऊबीजेला माहेरी निघालेल्या सुनेला कोणी काही विचारत नाही. म्हणून तोच दिवस धरला. तिच्या माहेरगावच्या, किन्हीराजाच्या एसटीत मायलेकराला बसवलं; ट्रंकेत यंदा तिची सगळीच लुगडी होती. परत न्यायला कोणी येणार नव्हतं.

ज्ञानचंद खिडकीखाली उभा होता. डोळे भरलेले.

"वैनी, मी खरं तेच सांगतलं."

"खरंच सांगतलं, भाऊजी." तिनं पदरानं पोराची लाळ पुसली. "पन ग्रहनाचा दोष होता, तवा मले उपास तरी करता येत होते. आता मी काय करू?"