फितीच्या काठावरचा आवाज

"मावशी, हात काढा," प्रेमदास तिसऱ्यांदा म्हणाला. सुलोचनाबाईनं माझ्या चाकावरचा हात तर काढला नाहीच, दुसराही आणून ठेवला.

"तू काल आला हिच्यापाशी. म्या तेरा वर्सं हिचं तेलपाणी केलं."

मी सिनेमाची मशीन बोलतेय. वर्ध्याच्या एका संग्रहालयात दोरीच्या आत उभी असते. पाटीवर माझं वय लिहिलंय, तेही चुकीचं. प्रेमदास इथला राखणदार, आल्यागेल्याला माहिती तोच सांगतो. सुलोचनाबाई माझी जुनी मालकीण. आज सकाळच्या एस्टीनं अल्लीपूरहून आली, मला बघायला.

एकाहत्तर साली तिच्या नवऱ्यानं, तानबानं, मला जुनीच विकत घेतली. तंबू, सतरंज्या आणि मी, एवढाच आमचा सिनेमा. बाजाराच्या गावी बैलगाडीतून जायचो. नागपूरचा मेकॅनिक म्हणायचा, बाईमाणसाला मशीन कळत नाही. हिनं त्याच्या हातांकडे बघत बघत सगळं उचललं. शाळा तिसरीपर्यंत, पण माझा एकेक स्क्रू तिला पाठ.

लोकांना वाटतं, चित्रच बोलतं. कुठलं बोलतंय! फितीच्या काठावर बारीक रेघांचा पट्टा असतो. माझ्या पोटातला लहान दिवा त्यावर उजेड टाकतो. रेघा सरकतात तसा उजेड थरथरतो, त्या थरथरीची वीज होते आणि भोंग्यातून बोलते. चित्र वरच्या खिडकीत दिसतं, आवाज त्याच्या वीस चौकटी खाली वाचला जातो. मधे फितीचा फास, म्हणजे सैल वेढा, नेमका ठेवावा लागतो. तो मोठा झाला, की ओठ आधी हलतात अन् शब्द मागून येतात.

ही चूक तिच्या हातून एकदाच झाली. तानबानं हौसेनं स्वतःची एक छोटी फीत बनवून घेतली होती. खेळाआधी तो पडद्यावर यायचा आणि सांगायचा, "मंडळी, बिड्या इझवा, लेकरं मांडीवर घ्या, खेळ सुरू होऊन राह्यला." पहिल्याच दिवशी आनंदाच्या भरात तिच्या हातून फास मोठा पडला. तानबानं तोंड मिटलं, आणि मग "राह्यला" ऐकू आलं. तंबू हसून लोळला. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. पडद्यावर मात्र रोज बोलायचा.

शहात्तरला तो गेला. पुढची आठ वर्षं तिनं एकटीनं खेळ केले, दर खेळाआधी ती फीत लावून. मग गावोगाव व्हिडिओ आला, तंबू ओस पडला. मी इथं आले, ती फीत माझ्यात गुंफलेलीच राहिली.

प्रेमदास रोज लहान दिवा लावतो, फीत हातानं ओढतो आणि काठावर बोट ठेवून सांगतो, हा बघा आवाज. भोंगा समोरच्या भिंतीवर आहे, त्याची तार गुंडाळून ठेवलीय. रोज तानबा माझ्या पोटातून मुका जातो. मला काय वाटत असेल, ते कुणी विचारलं नाही.

आज ते बोट सुलोचनाबाईनं पाहिलं, आणि भांडण पेटलं.

प्रेमदास वाईट नाही. फीत वाळलीय, चालवताना तुटली तर नोकरी जाईल, असं तो म्हणाला. ती म्हणाली, तुझ्या बोटांनी वर्षभरात रेघा पुसतील, मग काय दाखवशील? चित्राचा दिवा नको, फक्त आवाजाचा लाव, भोंग्याची तार जोड, फास मी घालते. त्यानं नकारार्थी मान हलवली. इथल्या वस्तू पाहायला ठेवल्यात, चालवायला नाही.

मी गंजल्या दातांनी फीत घट्ट धरून होते. दहा वर्षं मीही गप्प होतेच की.

शेवटी प्रेमदासनं भोंग्याची तार सोडवायला घेतली. त्याआधी ती एवढंच म्हणाली होती, अगदी हळू:

"पाहनंच असतं तं घरी त्याईचा फोटो हाय, भाऊ, दहा वर्सं पाहूनच राह्यली मी, आता एकडाव आयकू दे."