एका पेंटरची आठवण

कार्ड छापायला गेलं तेव्हा मी रजेवर होते, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या संग्रहालयात महिन्यातून एकदा व्याख्यान होतं, त्याला जोडून एखादी कार्यशाळा. निमंत्रणं, खुर्च्या, माइक, चहा हे सगळं माझ्या गळ्यात. या वेळचे पाहुणे माझे बाबा होते. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या हाताने रंगवलेला माणूस. मी मजकूर लिहून दिला होता, ‘एका पेंटरच्या आठवणी’. साहेबांना तो फारच साधा वाटला. त्यांनी केलं, ‘एका पेंटरची आठवण’. वर बाबांचा तरुणपणचा फोटो आणि भोवती जाड काळी चौकट.

मला ते दिसलं कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी. तोवर कार्डं पोस्टाने घरोघरी पोचली होती.

“साहेब, माणूस जिवंत आहे,” मी म्हणाले.

“अहो, भारदस्त दिसतंय ते. लोकांना कळतं.”

संग्रहालयातल्या माणसांचं असंच असतं. पेटी असो नाहीतर पाहुणा, एकदा दारातून आत आला की यांच्या लेखी तो होऊन गेलेला. मी कपाळाला हात लावला आणि निदान बाहेरच्या फलकावर तरी ‘आठवणी’ असं दुरुस्त करून आले.

बाबा सकाळपासून हॉलमध्ये होते. कार्यशाळेसाठी रंग कालवत होते, ब्रश पुसत होते, पुसलेले पुन्हा पुसत होते.

“पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवलीस ना?” त्यांनी विचारलं. तिसऱ्यांदा.

“कुणासाठी?”

“असंच. कुणी आलं तर.”

कुणी म्हणजे कोण हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही. काकांना कार्ड पाठवायचं मीच ठरवलं होतं. एके काळी बाबा शिडीवर आणि काका खाली, असं दोघांचं दुकान चालायचं. बाबांनी वेलांटी काढली की काका खालून ओरडायचे, “दादा, पोट सुटलं तिचं.” मग काकांनी बॅनर छापायचं यंत्र आणायचा हट्ट धरला. बाबा म्हणाले, यंत्र तरी राहील नाहीतर मी तरी. काका यंत्र घेऊन दुसऱ्या गावी गेले. तेव्हापासून दोघांत अवाक्षर नाही. आता दोघंही थकले होते आणि माघार कुणी घ्यायची एवढ्यावर सगळं अडलं होतं.

दुपारी ऑफिसातला फोन वाजला. पलीकडचा खाकरा मी झोपेतही ओळखला असता.

“पोरी, कार्ड आत्ता मिळालं. मला कुणी कसं कळवलं नाही गं?”

“काय कळवायचं, काका?”

“असू दे. त्यानेच बजावलं असेल, धाकट्याला सांगू नका म्हणून.” त्यांनी नाक ओढलं. “किती वाजता आहे?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ‘काका, बाबा धडधाकट आहेत, आत रंग कालवतायत,’ एवढंच म्हणायचं होतं. पण खरं सांगितलं तर हे येणार नाहीत, हेही त्याच क्षणी कळलं आणि जीभ रेटेना.

“चार वाजता,” मी म्हणाले.

फोन ठेवला आणि मग आठवलं. गेल्या वर्षी काकांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. काकूने चोरून मला सांगितलं होतं. रडत रडत आलेला तो माणूस दारातून आत शिरणार आणि समोर मेलेला भाऊ माइकवर बोलताना दिसणार. मी लगेच उलटा फोन लावला. काकूने उचलला.

“निघाले गं ते. फोनसुद्धा इथेच विसरले. इतकं रडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.”

मी तिला खरं काय ते सांगून टाकलं.

“त्यांना दारातच गाठ,” ती म्हणाली. “हळू सांग. गोळ्या शर्टाच्या खिशात असतात.”

त्यानंतर मी फाटक सोडलं नाही. रिक्षा थांबली की मी पुढे धावायचे. आतून उतरायचं भलतंच कुणी, कार्यशाळेला आलेल्या मुली, शाळेचे एक निवृत्त मास्तर. बाबांना काय सांगायचं, याचा तर विचारही करवत नव्हता. चार वाजून गेले. साहेबांचं प्रास्ताविक झालं, बाबांचा आवाज बाहेर ऐकू येऊ लागला, आणि मग माइक घरघरायला लागला. शिपाई धावत आला. “मॅडम, साहेब बोलावतायत. वायर तुम्हालाच कळते.”

एका मिनिटाचं तर काम, असं म्हणून मी आत गेले. व्यासपीठाशी वाकून वायर खोचत होते आणि बाबा बोलता बोलता थांबले. मला वाटलं, माइक गेला. वर पाहिलं, तर काका दारात उभे.

चेहरा पांढराफटक. एका हातात फुलं, दुसऱ्यात ते कार्ड. मी धावले, दंडाला धरून त्यांना पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर बसवलं आणि खिसा चाचपू लागले. त्यांनी माझा हात बाजूला केला. नजर बाबांवरून हटत नव्हती.

“तू आहेस,” ते म्हणाले.

बाबा खाली उतरले. काकांच्या हातातलं कार्ड घेऊन त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. पाटी तपासावी तसं सावकाश वाचलं. साहेब छताकडे बघत होते.

“म्हणजे मी गेलो म्हणून आलास.”

“हो.”

“एरवी आला असतास?”

वेळ मारून न्या हो काका, मी मनात म्हणत होते. एवढं एक खोटं बोला. पण आमच्या घराण्यात ती अक्कल कुणालाच नाही.

“नसतो आलो,” काका म्हणाले.

बाबांनी चष्मा काढला. आता हे तडक घरी जातील, आणि पुन्हा या जन्मात काही घडणार नाही, अशी माझी खात्रीच झाली.

“चार शब्द बोलायचे म्हणून ठरवून आला असशील.”

“बसमध्ये जुळवले.”

“मग बोल. माझं राहू दे.”

त्यांनी माइक काढून काकांच्या हातात दिला आणि शेजारच्या मास्तरांना उठवून त्या खुर्चीवर स्वतः बसले. काकांनी माइक दोन्ही हातांनी धरला. उभं राहायला त्यांना वेळ लागला.

“माझा दादा,” ते म्हणाले. “माझा दादा फार हट्टी होता.” पुढचं त्यांच्याने बोलवेना.

“आहे,” बाबा म्हणाले. “पुढे बोल.”